कॉर्नवॉलिसने शेतकऱ्याला जमीन दिली म्हणे!

माझी भाची एमपीएससीचा अभ्यास करतेय. काल वही बघितली तर त्यात लिहिलेलं, "कॉर्नवॉलिसने कायमधारा आणून शेतकऱ्यांना जमिनीची मालकी दिली." कॉर्नवॉलिस म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल, आणि कायमधारा म्हणजे जमिनीचा सारा कायमचा ठरवून टाकणारी त्याची पद्धत. कुठून घेतलंस विचारलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा त्याच्याबद्दलचा तोच मेसेज जो मलाही या आठवड्यात तीनदा आलाय. आता गप्प बसवत नाही.

अहो, मालकी दिली ती जमीनदारांना! 22 मार्च 1793 चा जाहीरनामा काढून वाचा, तो जमीनदार, तालुकदार अशा 'मालकांना' उद्देशून आहे, कसणारी रयत त्यात मालक म्हणून कुठेच नाही. बंगाल-बिहारच्या जमीनदाराने कंपनीला किती भरायचं ते कायमचं ठरलं, वसुलीच्या 11 हिश्श्यांतले साधारण 10 कंपनीचे, पण त्याने रयतेकडून किती उकळायचं याला पक्की मर्यादाच नाही. रयतेला पट्टा, म्हणजे किती भरायचं ते लिहिलेला कागद, द्यायचा नियम होता, तो बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. ठरल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पैसे भरले नाहीत की जमीनदारी लिलावात, मग तो सगळा ताण कुणाच्या डोक्यावर बसणार? कसणाऱ्याच्याच. पुढे 1799 मध्ये तर थकबाकीसाठी कोर्टात न जाता रयतेचं पीक जप्त करायचे अधिकार जमीनदाराला वाढवून दिले, तेव्हा कॉर्नवॉलिस इथे नव्हता पण घडी त्यानेच बसवलेली. याला मालकी देणं म्हणायचं?

मेसेजमधलं बाकीचं पटकन. "अमेरिकेत हरला म्हणून शिक्षा म्हणून भारतात पाठवला." आधी बोलावलं तेव्हा यानेच नकार दिलेला, 1786 मध्ये आला तो गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती दोन्ही होऊन, वर कौन्सिलचं मत डावलायचा अधिकार घेऊन. 1805 मध्ये पुन्हा त्याच पदावर आला आणि गाझीपूरला वारला. शिक्षा अशी असते का? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला शरण जाताना वॉशिंग्टनच्या हातात स्वतः तलवार दिली हेही खोटं, 19 ऑक्टोबर 1781 ला तब्येतीचं कारण सांगून हा आलाच नाही, आपला दुय्यम अधिकारी ओहारा याला पाठवलं आणि वॉशिंग्टनने त्याला आपल्या हाताखालचा जनरल लिंकन याच्याकडे वळवलं.

कारभार स्वच्छ केला म्हणता, तर ते अर्धं खरं आहे, कलेक्टरांचे पगार वाढवले आणि त्यांचा खाजगी धंदा बंद केला. पण 1790 मध्ये फौजदारी न्याय बंगालच्या नवाबाचा नायब महंमद रेझा खान याच्याकडून काढून इंग्रज न्यायाधीशांकडे दिला, वरच्या जागा भारतीय माणसाला बंद केल्या, ते मेसेजमधून का गाळलं?

भाचीने ती ओळ खोडलीये. ज्यांनी ज्यांनी फॉरवर्ड केलंय त्यांनी निदान शेतकऱ्यांचा मुद्दा तरी त्याच ग्रुपवर दुरुस्त करून टाका, तिथे परीक्षा देणारी पोरं आहेत.