‘मासोळ्या उन्हानं मेल्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मे महिना लागला आणि वर्धा, इरई नाहीतर कन्हान नदीच्या एखाद्या डोहात पांढरी पोटं वर आली, की तोच मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: विदर्भात ४५ डिग्री ऊन आहे, पाणी तापलं, ऑक्सिजन कमी झाला, मासोळ्या मेल्या, उगाच कारखान्यांच्या नावानं बोंबलू नका. वीज केंद्रांची राख म्हणजे मातीच. नदीतली मासोळी ढिवरांनीच, म्हणजे मासेमार समाजानंच, करंट लावून संपवली. सरकार बीज सोडतं, पुन्हा येईल. आणि प्रदूषण नियंत्रण बोर्डानं पाणी तपासलं, ठीक निघालं, विषय संपला. गरी टाकून नदीकाठी तासन्‌तास बसणारी मंडळीसुद्धा हे वाचून पुढं ढकलतात, म्हणून हा खटाटोप.

उन्हाचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो खपतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ ला सातच्या आसपास. मासोळ्यांसाठीच्या पाण्यात तो किमान ४ असावा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो. म्हणजे ऊन कितीही तापलं तरी एकट्या उन्हानं आकडा सातच्या आसपास येतो. सातावरून खाली, मरणापर्यंत नेणारं दुसरं काहीतरी पाण्यात असावं लागतं: कुजणारी घाण, शहराचं सांडपाणी, कारखान्याचा काळा पाट. ती घाण कुजताना ऑक्सिजन खाते, आणि ते खाणं बीओडीत मोजतात. नदीत सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची मर्यादा आहे लिटरमागे ३० मिलिग्रॅम. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा हे ३० पुरात विरून जातं. मे महिन्यात नदीची धार आणि नाल्याची धार सारखीच उरते. नदीचा बीओडी ३ धरला, तर ते ३ आणि नाल्याचं ३० समसमान मिसळलं की झाले साडेसोळा, तेही नाला पूर्णपणे नियमात असताना. मग ऊन निमित्त की नाला कारण, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बरं, मासोळी नेमकी कशानं मेली हे काठावर उभं राहूनही बरंचसं कळतं. नुसता ऑक्सिजन कमी पडला तर मोठ्या मासोळ्या आधी जातात. बोटाएवढी पिल्लं वरच्या पातळ थरात तोंड लावून तग धरतात. मरळ आणि वाघूर तर वर येऊन सरळ हवा घेतात, त्यामुळं त्या सगळ्यात शेवटी मरायला हव्यात. वेळही ठरलेली असते: पहाट. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन खातं आणि उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. दिवस वर आला की वाचलेल्या मासोळ्या सावरतात. साचलेल्या, हिरव्यागार डोहात असं आपोआपही होतं, त्यात कारखान्याला ओढायचं कारण नाही. पण भरदुपारी पिल्लांपासून दोन किलोच्या मरळीपर्यंत सगळं एकदम उलटं पडलेलं असेल, नाल्याच्या तोंडाच्या वरच्या अंगाचा डोह जिवंत आणि खालचा मेलेला असेल, तर ऊन काय नाला बघून पडतं का?

राखेचं म्हणाल, तर विटेत आणि सिमेंटमध्ये ती चांगलीच आहे, तिथं कोणाची तक्रार नाही. नदीत गेल्यावर काय होतं ते मासोळीच्या गालावरचं झाकण उचलून बघा. आत लालभडक कल्ले असतात, कंगव्याच्या दातांसारखे एकाला एक लागून. त्या फटींत राख बसली की ऑक्सिजन असूनही मासोळीला तो घेता येत नाही. लाल रंगावर करडा चिकट थर दिसतो. उरलेली राख तळाच्या रेतीत दगडगोट्यांच्या फटी बुजवते, आणि नेमक्या त्याच फटींत झिंगे, किडे आणि कितीतरी मासोळ्यांची अंडी असतात. वर आर्सेनिकसारखी द्रव्यं असतात ती वेगळी. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथला राखेचा बांध फुटला आणि राखेचं पाणी कन्हानपर्यंत गेलं. नागपूरच्या नळाला त्रास झाला म्हणून ती बातमी झाली. मातीच होती, तर एवढी पळापळ कशाला?

ढिवरांवरचा आळ मात्र जास्त लागतो. करंट मारणारे आहेत, डोहात ब्लीचिंग टाकणारेही आहेत. सगळे ढिवर नसतात, पण आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. बारूद आणि विष टाकून मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, ती कडक राबवा, टाळ्या वाजवू. पण करंटचा पल्ला किती? तारेच्या आसपासचे काही हात पाणी. त्यानं एक डोह ओस पडतो, मैलोन्‌मैल नदी नाही. आणि जाळ्यानं मासोळी कमी होते, बीओडी वाढत नाही. केंद्रीय मंडळानं २०१८ साली देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे काढले, त्यांत महाराष्ट्राचे ५३, देशात सगळ्यात जास्त. वर्धा, वैनगंगा आणि कन्हान त्यात आहेत. ती यादी बीओडी मोजून केली होती, जाळी मोजून नाही. ज्याचं पोट त्याच पाण्यावर आहे त्यानंच ते नासवलं म्हणायचं, आणि ज्याचा पाईप नाल्यात सुटतो त्याचं नावही घ्यायचं नाही, हा कुठला न्याय?

बीजाचं एका वाक्यात: सोडतात ती कटला, रोहू, मृगळची बोटुकली, तीही बहुतेक तलावात आणि धरणात, नदीतल्या वाम आणि दाडक या मासोळ्या हॅचरीच्या पिशवीतून येत नाहीत, आणि ज्या पाण्यात मोठी मासोळी टिकत नाही तिथं बोटुकली टाकणं म्हणजे सरकारी पैशानं पुन्हा तेच मरण.

राहिला बोर्डाचा रिपोर्ट. तो खोटा असेल असं मी म्हणत नाही. तो बहुधा खराच असतो, फक्त दुसऱ्या पाण्याचा असतो. नदी तासाला एक किलोमीटर जरी सरकत असली तरी सकाळचं घाण पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत २४ किलोमीटर खाली गेलेलं असतं. साहेब तिसऱ्या दिवशी येऊन बाटली भरतात ती मागून आलेल्या स्वच्छ पाण्याची. त्यात ऑक्सिजनचा नमुना जागेवरच रसायन घालून पक्का करावा लागतो किंवा मीटर पाण्यात बुडवून वाचावा लागतो. बिसलेरीच्या बाटलीत भरून, मोटरसायकलच्या डिकीत घालून तालुक्याला नेलेल्या पाण्याचा ऑक्सिजन मोजण्यात काही हशील नाही.

तुमची बाटली कोर्टातही चालत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणं सांडपाण्याचा नमुना बोर्डाच्या माणसानं, कारखान्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील आणि सही घेऊन काढावा लागतो. म्हणून मेसेज पुढं ढकलण्यात जाणारा वेळ दुसरीकडे लावा. मासोळ्या वर आल्या की त्याच तासाला बोर्डाच्या चंद्रपूर, नागपूर किंवा अमरावतीच्या प्रादेशिक कार्यालयाला फोन, लगेच ईमेल, आणि ग्रामपंचायतीच्या पत्रावर आवक शिक्का. फोटोत वेळ आणि लोकेशन येऊ द्या. नाल्याच्या वरचा डोह, नाल्याचं तोंड आणि खालचा डोह असे तिन्ही काढा, आणि नमुनेही याच तीन जागांचे घ्यायला सांगा. कोणती मासोळी मेली, केवढी, आणि कोणती वाचली, हे वहीत लिहा. कुजलेली नको, नुकतीच मेलेली किंवा मरायला टेकलेली मासोळी बर्फात ठेवा, आणि साहेब आले की ती त्यांच्या हातात देऊन पोच मागा.