क्लीनरूमचं सोवळं? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

सामायिक क्लीनरूम, म्हणजे चिप बनवण्यासाठी हवेतली धूळ गाळून ठेवलेली खोली, कशी वापरावी यावर मी लिहिलं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: हे नियम पवईच्या आयआयटीला शोभतात, सांगलीतल्या कॉलेजच्या एका खोलीला नाहीत; काजळ, पावडर, टिकली काढायला लावणं म्हणजे विज्ञानाच्या नावाखाली नवं सोवळं; आणि कोणी काय सांडलं ते लॉगबुकात लिहायला लावून मी पोरांना चुगल्या करायला शिकवतोय.

सोवळ्यापासून सुरुवात करतो, कारण ते झोंबलं. सोवळ्यात एक जण शुद्ध असतो आणि दुसऱ्याचा विटाळ होतो. क्लीनरूममध्ये सगळ्यांचाच विटाळ. उद्घाटनाला आलेल्या प्राचार्यांचासुद्धा. नुसतं चालता-वाकताना माणसाच्या अंगावरून मिनिटाला लाखो सूक्ष्म कण सुटतात: त्वचेचे, केसांचे, कपड्याच्या धाग्यांचे. आयएसओच्या स्वच्छतेच्या मापात वर्ग ५ च्या खोलीत घनमीटरभर हवेत अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३,५२० चालतात, वर्ग ७ मध्ये ३,५२,०००. म्हणजे तो पांढरा सूट आपल्या रक्षणासाठी नसतो, आपल्यापासून वेफरच्या, म्हणजे ज्यावर चिप बनते त्या सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या, रक्षणासाठी असतो. पावडर म्हणजे उडायला टपलेले कणच. घामातलं सोडियम वेफरवरच्या विद्युतरोधक ऑक्साइडच्या थरात शिरलं की ट्रान्झिस्टरचं वागणं ढळतं. १९६० च्या दशकात चिप बनवणाऱ्यांना याच सोडियमनं जेरीस आणलं होतं. मंगळसूत्र काढा असं मी कुठंही लिहिलेलं नाही, ते सूटच्या आत राहू द्या. आणि सिगारेट ओढून आलेल्यानं लगेच आत येऊ नये, हेही त्याच यादीत होतं. धूर ओढून झाल्यावरही श्वासातून कण बाहेर पडत राहतात. त्या ओळीवर मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत!

आता पवई आणि सांगली. मोठ्या ठिकाणी गॅस डिटेक्टर असतात, सुरक्षेचं बघायला वेगळी माणसं असतात. आपल्याकडे एक लॅब असिस्टंट, तोही परीक्षेच्या दिवसांत सुपरव्हिजनला. शिवाय ऊस तुटल्यावर शेतात पाचट पेटवतात, त्याची काळी राख गच्चीवर पडते तशीच खोलीत हवा ढकलणाऱ्या ब्लोअरच्या तोंडाशीही येते; त्या महिन्यांत मुख्य फिल्टरच्या आधीचे प्री-फिल्टर लवकर भरतात. साधनं कमी म्हणून नियम सैल करायचे, हे गणित मला उलटं वाटतं.

वेट बेंचबद्दल, म्हणजे ॲसिडं वापरायच्या ओट्याबद्दल, तर मी तसूभरही मागे येणार नाही. हायड्रोफ्लोरिक ॲसिड दिसायला पाण्यासारखं. काच खातं म्हणून प्लॅस्टिकच्या बीकरमध्ये ठेवावं लागतं, आणि बिनलेबलचा प्लॅस्टिकचा बीकर दिसला की पुढच्या पोराला ते पाणीच वाटणार. सौम्य असेल तर हातावर उडालेलं लगेच कळतही नाही, वेदना काही तासांनी सुरू होतात. तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम धरून बसतं. म्हणून ताबडतोब भरपूर पाणी, मग कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, आणि दुखत नसलं तरी दवाखाना. मिरज जवळ आहे, दवाखान्यांची वानवा नाही. पण ‘ॲसिड सांडलं’ एवढंच सांगून भागत नाही, हायड्रोफ्लोरिक हे नाव दारातच सांगायला हवं, उपचार वेगळा असतो. क्लीनरूमचे पातळ नायट्राइल ग्लोव्हज इथे पुरत नाहीत, वरून जाड केमिकल ग्लोव्हज लागतात. ते घालून दाराची मूठ धरली, की त्या मुठीला पुढचा माणूस उघड्या हातानं हात लावतो. पिरान्हाचंही तसंच: सल्फ्युरिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं ते मिश्रण वापरून झालं म्हणून बाटलीत भरून बूच घट्ट लावलं, तर आत वायू साठून बाटली फुटते. बूच लावणारा तोवर कँटीनमध्ये चहा पीत असतो.

चुगलीचा मुद्दा यातूनच सुटतो असं मला वाटतं. समजा एकानं सोन्याचा थर असलेला नमुना सिलिकॉनसाठी राखलेल्या भट्टीत तापवला. सोनं गरम सिलिकॉनमध्ये झपाट्यानं पसरतं आणि डोळ्यांना काही दिसत नाही. पुढच्या महिन्यात दुसरीच कोणी मुलगी तिच्या डायोडमधली करंटची गळती कुठून येतेय ते शोधत बसते, गाइडची बोलणी खाते. लॉगबुकात एक ओळ असती तर तिचा महिना वाचला असता. म्हणून मी नाव लिहायला सांगतो ते स्वतःचं, स्वतःच्या हातानं. दुसऱ्याचं लिहा असं म्हटलेलं नाही. नोंद करणाऱ्याला दंड करू नये, हे मात्र वर जोडतो. दंड लावला की वही कोरी राहते.

तुमचा एक आक्षेप मला पूर्ण पटतो. आठवड्याला दोन तासांचा स्लॉट, त्यातला पाव तास कपडे चढवण्यात गेला तर पोरं घाई करणारच. टोपी, हुड, सूट, बूट असं वरून खाली घालायचा सराव बाहेर जुन्या सूटवर करून घेता येईल. आणि दोन गटांचे स्लॉट जोडून दोघांना एकत्र दिले तर एकदा सूट चढवला की चार तास काम होईल. नको असलेला स्लॉट आदल्या दिवशी रद्द करायची सवयही लागायला हवी. बुकिंग करून न फिरकणाऱ्यांवर तुम्ही जे लिहिलंय, त्यातला शब्दन् शब्द मान्य.

एक विचारायचं राहिलं. लाईट गेली की आमच्याकडे यूपीएसवर यंत्रं चालू राहतात, पण ब्लोअर आणि ॲसिडच्या वाफा बाहेर ओढणारा एक्झॉस्ट बंद पडतात. म्हणून ‘बीकर आहे तिथेच ठेवून बाहेर या’ असा नियम केलाय. तुमच्याकडे एक्झॉस्ट जनरेटरवर घेतलाय का? असेल तर किती केव्हीएचा लागला, तेवढं कळवा.