गाव म्हटलं तर बिघडलं कुठे?

आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. पंचवटीतला वाडा बिल्डरला द्यायचा की नाही, हे निमित्त. खरं दुखणं वेगळंच: नाशिकचं काही केल्या पुणं होत नाही. २०२१च्या अर्थसंकल्पात मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, मेट्रो कुठाय? ओझरहून विमानं किती? आणि शेवटी दादाचं ठेवणीतलं वाक्य: "गावच आहे हे अजून. इथे शिंकलं तरी गंगाघाटावर कळतं."

गाव ही शिवी कधीपासून झाली?

मी राहते त्या अख्ख्या ऑर्कनीत, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर, साधारण २२ हजार माणसं. नाशिकच्या चार नगरसेवकांच्या एका प्रभागाच्या निम्मीसुद्धा नाहीत. तरी इथल्या वेस्ट्रे बेटाहून पापा वेस्ट्रे बेटाला विमान जातं, वेळापत्रकात दोन मिनिटं, १९६७पासून. आणि पलीकडच्या त्या बेटावर शंभर माणसंही नाहीत. (हो, कौन्सिल पदरचे पैसे घालते. माहीत आहे मला.) स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचं बेट आहे. तिथल्या लोकांनी १९९७ साली पैसे गोळा करून बेटच विकत घेतलं, २००८मध्ये स्वतःची वीज उभी केली. घराला ५ किलोवॅट, त्याहून जास्त ओढली की मीटर बंद. सगळ्या घरांना सारखंच. हे ग्रुपवर टाकलं तर दादाचा प्रश्न: "मग एसी कसा लावतात?"

मी औषधाच्या दुकानात काउंटरला असते. कोणाची कुठली गोळी बदलली हे मला कळतं आणि मी ते कोणाला सांगत नाही; पण माझ्याकडे पाहुणे कोण आलेत, हे हॅम्नावो बोट स्ट्रॉमनेस बंदराला लागायच्या आत गावाला माहीत असतं. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळख असो नसो. नाशिकच्या द्वारका चौकात हे करून बघा. बोट उचललंत तर मागचा हॉर्न मारेल, आणि ही ओळख की शिवी, हे त्यालाही कळणार नाही.

आता दादा म्हणेल, वाड्यातही हेच होतं, तेव्हा का पळालीस? बरोबर आहे. अंगणात कोण कधी आलं, कोणाच्या पिशवीत काय आहे, सगळं माडीवरून दिसायचं. मी कॉलेजातून पंधरा मिनिटं उशिरा आले तर सराफ बाजारातून आलेला निरोप माझ्या आधी घरी पोचलेला असायचा. फरक असा की तिथे नजर पडायच्या आधी आडनाव पडायचं. कोणाची तू, माहेर कुठलं, जात बोलण्यात न आणता कशी काढायची, यात आमच्या गल्लीचा हात कोणी धरला नसता. इथे माझ्या आडनावावरून कोणाला काहीच कळत नाही.

ऑर्कनीतल्या कर्कवॉल गावात नाताळच्या दिवशी आणि १ जानेवारीला 'बा' हा चेंडूचा खेळ खेळतात. दुकानदार आदल्या दिवशीच खिडक्यांना फळ्या ठोकतात. चेंडूसाठी अप्पी आणि डूनी या दोन बाजू रस्त्यात जी झोंबाझोंबी करतात, ती बघून मला नाशिकच्या रंगपंचमीची रहाड, रंगाच्या पाण्याचा तो हौद, आठवते. इथल्यांची बाजू जन्माने ठरते. उपऱ्यांची, तुम्ही गावात पहिल्यांदा कुठल्या रस्त्याने शिरलात त्यावरून. खेळतात पुरुषच, तरी माझी बाजू ठरवायला शेजारच्या आजींनी मला तो रस्ता विचारला. मागचं काहीही विचारलं नाही. मला ते फार आवडलं, आणि घरी आल्यावर थोडं लागलंही, कारण मागचं विचारण्याइतकी मी त्यांची कोणी नाही.

काल दादाने लिहिलं, "एवढं गाव आवडतं तर ये ना वाड्यात राहायला." नाही येणार. तिथे आले की मी पुन्हा कोणाची तरी मुलगी आणि कोणाची तरी सून. वाड्याच्या कागदावर सही मात्र मी करणार नाही, आणि हे ग्रुपवर सगळ्यांसमोर सांगते आहे.