‘भागाकार न येणारी भाषा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ढॉल (Dhall) ही कॉन्फिग, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या फाईली लिहायची भाषा. तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली एका निनावी वाचकाने लिहिलंय : “जिला भागाकार येत नाही, दोन डबलची बेरीज येत नाही, तिला भाषा म्हणणं हास्यास्पद. लेखकाने प्रत्यक्ष काम केलेलं दिसत नाही.” (डबल म्हणजे दशांश आकडे.) पुढे इम्पोर्ट, वेग, एरर मेसेज यांवरही बरंच आहे. ते राहू द्या. त्याची उत्तरं मूळ लेखातच आहेत, शेवटपर्यंत वाचला असता तर सापडली असती.

ढॉलमधल्या नॅचरल/सबट्रॅक्ट या वजाबाकीच्या फंक्शनचा क्रम उलटा आहे, ही तक्रार मात्र रास्त. १ आणि ३ दिले की उत्तर २ येतं. पहिला आकडा दुसऱ्यातून वजा होतो.

पण ‘हास्यास्पद’? अहो साहेब, मतभेद असू द्या, समोरच्याची लायकी काढायची ही कुठली रीत? प्रत्यक्ष कामाचंच म्हणाल, तर लातूरच्या एका बियाणे वितरकाचं सॉफ्टवेअर मी वर्षानुवर्षं सांभाळलंय. शाखांचे एसटीडी कोड यामल (YAML) या सेटिंग लिहायच्या दुसऱ्या एका पद्धतीच्या फाईलीत होते, अवतरणचिन्हांशिवाय. संभाजीनगरचा ०२४० वाचताना १६० झाला, नांदेडचा ०२४६२ झाला १३३०. यामल १.१ मध्ये शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान, म्हणजे फक्त ० ते ७ हे अंक वापरणाऱ्या पद्धतीतला, धरतात. १.२ ने हे बदललं, पण आमची लायब्ररी जुन्याच नियमाने चालायची. लातूरचा ०२३८२ आणि जालन्याचा ०२४८२ मात्र शाबूत, कारण अष्टमानात ८ नसतोच, म्हणून ते मजकूर समजून सोडून दिले. आम्ही लातुरात बसून लातूरचाच कोड तपासत होतो आणि तिकडे नांदेडची शाखा बोंबलत होती. ढॉलमध्ये ०२४० हा आकडा म्हणून लिहिला तर फाईल वाचलीच जात नाही. मला हेच हवं आहे.

जेसॉनेट (Jsonnet) या दुसऱ्या कॉन्फिग भाषेला बेरीज, भागाकार सगळं येतं. पण तिथला प्रत्येक आकडा ६४ बिटांचा डबल, म्हणजे ठराविक अंकांपर्यंतच अचूक. ९००७१९९२५४७४०९९३ हा खाते क्रमांक आकडा म्हणून लिहा. शेवटचा ३ जाऊन २ येतो आणि कुणी चकार शब्द काढत नाही. डबलच्या बेरजेत ०.१ आणि ०.२ मिळून ०.३०००००००००००००००४ होतात. भागाकार आला की शून्याने भागणंही आलं, आणि ढॉलमध्ये प्रत्येक हिशेब संपून उत्तर मिळायलाच हवं. असले बेरीज-भागाकाराचे हिशेब प्रोग्रामात करावेत, कॉन्फिगमध्ये नव्हे, असं मी तेव्हाही लिहिलं होतं, आजही तेच म्हणतो.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहा, आणि भागाकाराविना अडलेली तुमची एक खरी फाईल सोबत चिकटवा. त्या फाईलीवर बोलू.