सॉकेटच पुरे होता का?

नमस्कार,

कॅमेऱ्याच्या फ्रेम (चित्रं) सी++ प्रोग्रॅममधून पायथनकडे देण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमच्या दोन तक्रारी आहेत. सी++ आणि पायथनमध्ये डेटा द्यायघ्यायला सॉकेट (दोन प्रोग्रॅममधली निरोपांची नळी) आणि जेसन (डेटा मजकुरात लिहायची पद्धत) पुरे, शेअर्ड मेमरी (दोघांनाही वाचता-लिहिता येणारी सामाईक मेमरी) ही नुसती हौस, ही पहिली. फ्रेम लिहून झाली हे सांगणारा माझा 'तयार' फ्लॅग साधा इंट (पूर्णांक) आहे, तो कधीतरी दगा देणार, ही दुसरी. दुसरी आधी घेतो, कारण तिथे मी चुकलोय.

इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर एका कोरने जे ज्या क्रमाने लिहिलं ते दुसऱ्याला त्याच क्रमाने दिसतं, म्हणून माझ्या लॅपटॉपवर कधी बिघडलं नाही. एआरएम प्रोसेसरवर ही हमी नाही: फ्लॅग १ दिसेल आणि फ्रेम अर्धी जुनीच असेल. सी++मध्ये हा क्रम पाळायला लावणारा 'ॲटॉमिक' प्रकार आहे, पण पायथनच्या बाजूला त्याला जोडीदार नाही. म्हणून आता फ्रेम शेअर्ड मेमरीत ठेवतो आणि 'आली' हे सांगायला सॉकेटवरून एक बाइट पाठवतो. वाचून झालं की पायथन उलट एक बाइट पाठवतो. तोवर सी++ त्या जागेला हात लावत नाही. म्हणजे तुमचा सॉकेट घरात आलाच, दारावरच्या बेलच्या कामाला!

पण फ्रेमही त्यातूनच पाठवा म्हणाल तर नाही. १९२० × १०८० ची रंगीत फ्रेम म्हणजे ६२,२०,८०० बाइट, आणि अशा सेकंदाला ३०. जेसनमध्ये २५५ हा एका बाइटचा आकडा स्वल्पविरामासकट चार बाइट खातो. कच्चे बाइट पाठवले तरी ते एकदा कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) कॉपी होतात, एकदा बाहेर. चार सेटिंग्ज पाठवायच्या असत्या तर मीही जेसनच घेतलं असतं.

खरी अडचण तुम्ही विचारलीच नाहीत. मेमरी वाटून घेणं सोपं आहे, मांडणीवर एकमत होणं अवघड. माझ्या स्ट्रक्टमध्ये (एका नोंदीच्या साच्यात) एक बाइट कॅमेरा क्रमांक, मग वेळेसाठी डबल (८ बाइटचा अपूर्णांक), मग रुंदीसाठी इंट (४ बाइट). ६४-बिट लिनक्सवर सी++ त्याला २४ बाइट देतं. पायथनचं स्ट्रक्ट मॉड्यूल नेटिव्ह पद्धतीतही २० च मोजतं, कारण शेवटचं पॅडिंग (जागा जुळवायला सोडलेले रिकामे बाइट) ते धरत नाही. परिणाम? पहिली नोंद चोख, दुसरीपासून कचरा. पहिली बरोबर येते म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. माझी एक रात्र त्यात गेली. फॉरमॅटच्या शेवटी '०डी' (इंग्रजी अंक-अक्षरात) लिहिलं की २४ होतात.

जावाचा बाइटबफर तर मुळातच बिग-एंडियन, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी; इंटेलवर उलट. क्रम बदलून सांगितला नाही, तर सी++ने लिहिलेला १ तिकडे १,६७,७७,२१६ होऊन निघतो. आणि शेअर्ड मेमरीत पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कुणीच ठेवू नये. दुसऱ्या प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्रॅममध्ये) त्या पत्त्यावर भलतंच काही असतं. सुरुवातीपासूनचं अंतर ठेवायचं.

पायथन ३.१३ च्या आधीचं असेल तर आणखी एक खोडी: नुसती वाचायला आलेली पायथन प्रोसेस बंद होतानाही शेअर्ड मेमरीच्या त्या भागाचं नाव पुसून जाते, सी++ तो वापरत असलं तरी. ३.१३ मध्ये 'ट्रॅक' फॉल्स करता येतो.

मूळ लेखातला फ्लॅगचा कोड खोडलेल्या अवस्थेत तसाच ठेवलाय, नवा त्याच्या खाली आहे. एआरएमवर चालवून पाहणार असाल तर नवाच घ्या.