आवड होती, सवड नव्हती

परवा एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. मी पोहायला जाते हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं. तिचं पहिलंच वाक्य, "तुला वेळ कसा मिळतो गं?" आवाजात कौतुक होतं, पण त्याखाली हळहळ होती आणि तीच मला जास्त लागली. ही मुलगी चित्रं काढायची, तासन्‌तास, जेवणखाण विसरून. शेवटचं चित्र कधी काढलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आठवतच नाही. आवड असेल तर सवड मिळते म्हणतात ना, म्हणजे मला तेवढी आवड नसेलच."

फोन ठेवल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना.

आवड असेल तर सवड मिळते, हे आपण लहानपणापासून ऐकतो, दुसऱ्यांना ऐकवतोही. मला आता ते सरळसरळ अन्यायाचं वाटतं. दहा तास काम, वर जाण्यायेण्याचा वेळ, घरी पाऊल टाकल्यावर घराचं सगळं, आणि एवढं उरकून दमलेल्या माणसाला सांगायचं की तुझी आवडच कमी पडली! माझ्या मैत्रिणीने हे खरं मानलं आणि स्वतःच्या हातातली कलाच खोटी ठरवली.

माझं सांगते. मी अकाउंट्समध्ये आहे. महिनाअखेर, तिमाहीअखेर, ऑडिट, यांच्या मधल्या फटींत आमचं वर्ष संपतं. पोहायला शिकायचं माझ्या मनात विशीपासून होतं. शिकले एकोणचाळिसाव्या वर्षी. मधली वीस वर्षं माझी आवड काय झोपली होती का? ती होतीच. रविवारी दुपारी ती हमखास वर यायची आणि सोमवारी सकाळी निमूट खाली जायची.

मग बदललं काय? बॅच ठरलेली मिळाली: मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सव्वासहा. माझ्याच लेनमध्ये शिकणारी एक बाई भेटली. मी दिसले नाही की सात वाजता तिचा फोन यायचा, "बरी आहेस ना?" आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या तीन दिवशी मुलाला उठवण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंतचं सगळं नवऱ्याने स्वतःकडे घेतलं. 'मदत करतो' असं नाही, ते काम त्याचं झालं. वही सापडत नसली तरी मुलाने मला विचारायचं नाही, बाबाला विचारायचं, हे घरात ठरलं. हे मी मुद्दाम सांगते. कारण नोकरी सांभाळून डोंगर चढणारे, मॅरेथॉन पळणारे, नाटकात काम करणारे यांच्या कहाण्या मी वाचते, तेव्हा त्यांत एक माणूस शोधत असते: त्या वेळात यांचं घर कोण बघत होतं? बहुतेक वेळा ते नाव लिहिलेलंच नसतं. आणि बहुतेक वेळा ते बाईचं असतं.

रॉजर बॅनिस्टरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डमध्ये तो एक मैल 3 मिनिटं 59.4 सेकंदांत धावला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस. तेव्हा तो लंडनमध्ये डॉक्टरकी शिकत होता, सराव करायचा तो जेवणाच्या सुट्टीत. विक्रमाच्या दिवशी सकाळीसुद्धा तो हॉस्पिटलात कामावर गेला आणि मग रेल्वेने ऑक्सफर्डला पोचला. पुढे तो नामांकित न्यूरॉलॉजिस्ट झाला. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात आणि जिद्द होतीच. पण मला त्यातली दुसरी दोन माणसं महत्त्वाची वाटतात. आधी ख्रिस ब्रॅशर पुढे धावला, त्याचा दम संपत आला तशी ख्रिस चॅटवेने आघाडी घेतली. बॅनिस्टरला वेगाचं गणित करायला लागू नये म्हणून हे दोघं त्याच्यापुढे धावत होते. शेवटचा टप्पा त्याचा एकट्याचा, पण तिथवर त्याला आणलं दोघांनी.

त्याच सुमाराचं दुसरं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं, कारण त्यात कुणी विक्रमवीर नाही. जेरी मॉरिस नावाच्या संशोधकाने लंडनच्या बसवरच्या माणसांचा अभ्यास केला, तो 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर दुमजली बसचे जिने चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. (ड्रायव्हरांच्या कमरेचा घेरही जास्त असायचा, हे मॉरिसनेच पुढे त्यांच्या गणवेशाच्या मापांवरून दाखवलं, म्हणजे फरक निव्वळ जिन्याचा नसावा. तरी बसणं आणि हलणं यांकडे बघण्याची दृष्टी त्या अभ्यासाने बदलली.) आता त्या कंडक्टरांना काय व्यायामाची आवड होती? जिना त्यांच्या कामातच होता, म्हणून शरीर हलत होतं. आपल्या कामातून हा जिना कधीच गेला. खुर्ची राहिली.

म्हणून मला पहाटे पाचला उठण्याचे सल्ले पटत नाहीत. रात्री बारापर्यंत कॉलवर असलेल्या माणसाने पाचला उठायचं, म्हणजे उरलीसुरली झोपही नोकरीला वाहायची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेले आकडे बघा. आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त. तुलना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांशी. सत्तर तासांच्या आठवड्यावर सकाळच्या व्यायामाचं ठिगळ लावून तो भरून निघेल, असं मला वाटत नाही. आधी तास कमी व्हायला हवेत.

एक दिलासा मात्र आहे. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल हवी, असं आरोग्य संघटना सांगते. पूर्वी एका वेळी सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत अशी अट होती, ती 2020 मध्ये काढून टाकली. चार मिनिटांचं झपझप चालणंही आता हिशेबात धरतात.

पाण्याबद्दल थोडं सांगू द्या, ते माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. पहिला महिनाभर मी अर्ध्या लेनमध्येच धापा टाकत कठडा धरायचे. मला वाटायचं हवा पुरत नाही. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही श्वास घेताय छान, सोडत नाही आहात." खरंच होतं. तोंड पाण्यात गेलं की मी श्वास धरून ठेवायचे, आणि मान वळवली की त्या एका क्षणात सोडायचाही आणि घ्यायचाही, अशी धडपड करायचे. छातीत साठलेला कार्बन डायऑक्साइडच जीव घाबरा करतो. श्वास पाण्यातच सोडायचा, नाकातोंडातून, बुडबुडे काढत, सगळा. ज्या दिवशी ते जमलं, त्या दिवशी पंचवीस मीटर कधी संपले कळलं नाही. समोरच्या फरशीला हात लागला आणि मला रडू आलं. चष्म्याच्या आत पाणी, बाहेर पाणी. बाजूच्या लेनमधून ती फोन करणारी बाई टाळ्या वाजवत होती.

याची किंमत मोजावी लागली, तेही सांगते. एका जुन्या नोकरीत वर्षाच्या मूल्यमापनात मला हाच प्रश्न विचारला गेला, "पोहायला वगैरे जाता म्हणे. वेळ मिळतो तुम्हाला?" पुढच्या तिमाहीत माझ्याकडे आणखी दोन खाती आली. माझी कामं वेळेत होती, चुका नव्हत्या. तरी माझ्याकडे एक रिकामी जागा दिसली आणि ती भरण्यात आली. त्यानंतर कितीतरी दिवस मी ओले केस लपवून ऑफिसला जायचे.

आज माझ्या हाताखाली सहा जणं आहेत. त्यातली एक मुलगी गाते. दर बुधवारी सहाला तिच्या गटाची तालीम असते. रुजू झाल्यावर चार महिने ती हे माझ्याशी बोलली नव्हती. बुधवारी साडेपाचला कधी डोकं दुखायचं, कधी कुणी पाहुणे यायचे. खरं कळलं तेव्हा मला माझे ओले केस आठवले. बुधवार साडेपाच ते पुढे, तिच्या नावापुढे 'तालीम' असं मी टीमच्या कॅलेंडरमध्ये लिहून टाकलं, सगळ्यांना दिसेल असं. ती घाबरून म्हणाली, "मॅडम, 'वैयक्तिक काम' लिहूया का?" मी म्हटलं, "नको. तालीमच राहू दे."

मागच्या बुधवारी पाच चाळीसला तिच्या क्लायंटचा फोन आला. ती दारापाशी, बॅग खांद्याला, आणि फोनकडे बघत थांबली. मी हातानेच जा म्हटलं, आणि फोन उचलला.