"बायकांनाच गोरं व्हायचं असतं" म्हणणाऱ्यांसाठी

सध्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. सारांश असा, की गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती म्हणजे समाजाचा आरसा, बायकांनाच गोरं व्हायचं असतं, कंपन्या फक्त मागणी पुरवतात, आता तर पुरुषांचंही क्रीम आलंय आणि 'फेअर अँड लव्हली'च्या नावातलं 'फेअर'सुद्धा गेलं, मग उगाच कसला स्टिरिओटाइप घेऊन बसलात? खाली टाळ्यांचे इमोजी.

गोऱ्या रंगाचं वेड आधीपासून होतं हे मान्यच. स्थळं बघताना "मुलगी जरा सावळीच आहे" हे ते 'च' लावून म्हणणारे आपल्याच घरातले. आज्या पण डाळीचं पीठ आणि साय चोळायच्या, पण कुठल्याही आजीने हे लाव म्हणजे नोकरी लागेल असं सांगितलं नव्हतं. ती भर जाहिरातीची. फेअर अँड लव्हली बाजारात आलं 1975 ला, आणि आधी लग्न, मग करिअर, दोन्ही त्या ट्यूबमधूनच बाहेर यायला लागलं.

एअर होस्टेसवाली जाहिरात आठवते का? रिटायर्ड बाप कॉफी मागतो, घरात दूध नाही, बाप उसासा टाकतो की मुलगा असता तर बरं झालं असतं, आणि हे मुलीच्या कानावर पडतं. मग ती काय करते, अभ्यास? इंटरव्ह्यूची तयारी? छे, क्रीम लावते, उजळते, एअर होस्टेस होते आणि आईबापांना मोठ्या हॉटेलात कॉफी पाजते. म्हणजे आधी मुलगी असणं हीच कमतरता, त्यावर सावळी असणं ही दुसरी, आणि दोन्हीवर औषध एकच. आरसा म्हणता ना, मग आरशात दिसणाऱ्या त्या बापाला कुणीतरी उलट बोललेलं का दिसत नाही? बापाचं म्हणणं खरं धरूनच तर पुढचं सगळं विकलं जातं! वर हे सगळं मुलगी कशी स्वतःच्या पायावर उभी राहिली या थाटात, त्यामुळे बघणारीला राग पण येत नाही, उलट बरंच वाटतं. जनवादी महिला संघटनेने तक्रारी लावून धरल्या तेव्हा कुठे 2003 मध्ये ती बंद झाली.

पुरुषांच्या क्रीमचं म्हणाल तर तो मुद्दा तुमच्यावरच उलटतो. फेअर अँड हँडसम आलं 2005 ला, आणि त्याच्या जाहिरातीत टिंगल कशाची, तर पुरुष असून चोरून बायकांचं क्रीम लावतो याची. म्हणजे बायकांचं वापरणं ही नामुष्की. शाहरुख खानसारखा माणूस हे सांगायला उभा केला.

फेअर अँड लव्हलीचं नाव बदललं 2020 मध्ये, जगभर वर्णद्वेषावर बोंबाबोंब सुरू होती तेव्हा. 'फेअर'च्या जागी आता 'ग्लो'. बरं, पण बाई लव्हली आणि पुरुष हँडसम ही वाटणी तशीच आहे की.

आणि "चॉईस आहे" वाल्यांना एवढंच, की लावणारीला कोण काय म्हणतंय? लावा, खुशाल लावा, लिपस्टिक लावा नाहीतर मुलतानी माती लावा. पण आधी कोट्यवधी रुपये खर्चून तुझ्यात खोट आहे हे तिला ऐकवत राहायचं आणि नंतर "तिलाच हवं होतं" म्हणायचं, हे जरा जास्तच होतं.

शेवटचा मुद्दा, "चुकीचं असतं तर सरकारने बंद केलं असतं". जाहिरातींवर लक्ष ठेवणारी अ‍ॅस्की ही जाहिरातवाल्यांचीच स्वनियमन संस्था, सरकारी खातं नव्हे. सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेली दाखवू नका अशी वेगळी नियमावली तिने काढली 2014 मध्ये. क्रीम 1975 चं, हिशोब तुम्हीच करा. त्या मधल्या वर्षांत टीव्हीसमोर बसून वाढलेल्या मुली आता पस्तिशी-चाळिशीत आहेत, तुमच्या त्या ग्रुपवर पण असतील, विचारा त्यांना कॉलेजात असताना पर्समध्ये काय असायचं.